झाकणावरची पुडी

माझ्या नवऱ्याच्या तोंडाची मला किळस येते. हे मी आजवर कुणाजवळ बोलले नव्हते, माझ्या आईजवळही नाही. माणूस वाईट नाही. सिमेंटच्या कारखान्यात पाळीची नोकरी करतो, आवाज चढवत नाही, मुलीची गणितं स्वतः घेतो. पण खर्रा खातो. चंद्रपूरकडच्या कोरपन्यात राहून यात नवल ते काय, असं कुणीही म्हणेल, आणि म्हणतातच.

ज्यांनी खर्रा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या एका पन्नीवर घालायचा आणि तळहाताने खसाखसा घोटायचा. घोटून घोटून तो काळपट तपकिरी, ओलसर झाला की त्याच पन्नीत गुंडाळून पुडी करायची. आमच्याकडे पाहुणा आला की पाण्याच्या पेल्याआधी त्याच्यासमोर पुडी येते. लग्नात पुडी, मयतीत पुडी, शाळेत पालकसभेला आलेल्या बापाच्या गालातही तीच. एकाने पुडी उघडली की चार हात पुढे होतात, आणि नाही म्हणणारा तुसडा ठरतो. मी शिक्षिका आहे. मुलांकडून खर्ऱ्याविरुद्ध घोषवाक्यं लिहून घेते आणि घरी येऊन बेसिन घासते.

ते बेसिन! सुपारीचे कण जाळीत अडकून बसतात आणि वरून लालसर पाणी तुंबतं. कपड्यांच्या मशीनमधून दर आठवड्याला चुरगळलेल्या पन्न्या निघतात आणि त्यांच्यासोबत माझी पांढरी ओढणी तपकिरी ठिपके घेऊन बाहेर येते. गाडीच्या डिकीत थुंकायची एक बाटली असते. एकदा ती मी पाण्याची समजून हातात घेतली होती. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, लिहिताना अजूनही ओकारी येते.

दोन वर्षांपूर्वी त्याला तिखट सोसेनासं झालं, तोंडभर झोंबायला लागलं. वांग्याच्या भाजीचा पहिला घास घेतला की डोळ्यांतून पाणी. मग जांभई देताना जबडा अडकायला लागला. मी मागे लागून चंद्रपूरला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी त्याला तोंड उघडायला सांगितलं आणि त्याचीच बोटं उभी धरून त्याच्या दातांमध्ये घालायला लावली. चांगल्या माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी जातात. त्याची दोन गेली, तीही घासून.

"गाल आतून कडक होत आहेत," डॉक्टर म्हणाले. "खर्रा आजपासून बंद. रोज तोंड उघडायचा व्यायाम करायचा. बंद केलं नाही तर आधी तोंड मिटेल, आणि पुढे काय होऊ शकतं ते तुम्हाला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. आमच्या गल्लीत दोघांना झालेलं होतं. परतीच्या बसमध्ये त्याने कानाला खडा लावला. म्हणाला, "आता सोडलाच समज. मुलीची शपथ." मला खरंच वाटलं. वाटून घेतलं म्हणा.

त्याच सुमाराला माझी धाकटी बहीण हैदराबादहून आली आणि तिने स्लो कुकर आणला. चिनी मातीचं जडशीळ भांडं, वर काचेचं झाकण, पुढे एक गोल खटका. सकाळी सगळं आत टाकायचं, झाकण लावायचं आणि विसरून जायचं. पाच-सहा तासांनी जेवण तयार. माझ्या सासूबाईंनी त्याच्याभोवती दोनदा फिरून पाहिलं आणि विचारलं, "बाई, याच्यात खाली जाळ कुठी हाये?"

"जाळ नाही आई, बिजलीवर चालते."

"मंग ही बिजलीची हंडी झाली," त्या म्हणाल्या आणि घरात तेच नाव पडलं.

पहिल्या रविवारी विहारात वंदनेला जाण्याआधी मी तिच्यात नवे तांदूळ, मुगाची डाळ, लाल कोहळ्याच्या फोडी, पालक, ठेचलेला लसूण आणि हळद टाकली. मिरची नाही. परत आले तर घरभर लसूण-हळदीचा वास सुटला होता आणि आत सगळं एकजीव झालेलं होतं. चमच्याने कोहळं शोधलं तर सापडेना. मी वरून तूप सोडलं. त्याने तीन वेळा वाढून घेतलं. किती महिन्यांनी तो डोळे न पुसता जेवला! सासूबाईंच्या तोंडात चारच दात उरलेत, त्या तर खूश. मग गावरान कोंबडी करून पाहिली, तर हाडापासून मांस आपोआप सुटलं. मला वाटलं, मी जिंकले.

मुलगीच काय ती नाकं मुरडायची. "मम्मी, आजही गिळगिळीतच का? आपण काय आजारी आहोत?" मी तिला दटावायचे. बाबांसाठी एवढं करता येत नाही का, असं बरंच काही ऐकवायचे. खरं सांगायचं तर ते जेवण मलाही नकोसं झालं होतं. भाकरी मोडल्याचा आवाज नाही, कांद्याचा करकरीतपणा नाही. रोज ताटात पिवळा नाही तर हिरवा लगदा. पण माझ्या घरी आलेल्या प्रत्येक बाईला मी ती हंडी दाखवायचे आणि शाळेत डबा उघडून कृती सांगायचे. सगळ्या म्हणायच्या, किती करता हो तुम्ही त्यांच्यासाठी. ऐकायला गोड लागायचं. असं वर्ष गेलं.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. शाळेला सुटी लागली होती. त्याची दुपारची पाळी होती, तो अंघोळीला गेला होता. हंडीत खिचडी शिजत होती. मी मीठ पाहायला गेले तर काचेच्या झाकणावर, बरोबर मुठीच्या शेजारी, एक पन्नीची पुडी ठेवलेली. मला आधी कळलंच नाही. वाटलं, सासूबाईंनी काही औषध ठेवलं असेल. हातात घेतली तर गरम, मऊ आणि आतून घाम आलेली. उघडली. तो वास मी झोपेतही ओळखेन. खालून माझ्या लसणाची वाफ आणि वरून तो वास, दोन्ही एकदम नाकात गेले आणि मी मोरीकडे धावले.

सासूबाई उंबऱ्यात बसून होत्या. मी पुडी त्यांच्यासमोर धरली. त्यांनी मान खाली घातली.

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

"त्याच्यानं चावल्या जात नाई आता सुपारी," त्या हळूच म्हणाल्या. "हंडी आली तवापासून ठेवते वाफेवर, मऊ होते म्हणते. मी म्हटलं त्याले, बाबू, नको करू. आयकते का तो?"

म्हणजे वर्षभर. मी खाली त्याच्यासाठी अन्न मऊ करत होते आणि वर तो स्वतःसाठी विष मऊ करत होता, एकाच आचेवर, एकाच भांड्यावर. आणि त्या झाकणाला आतून धरलेलं पाणी थेंब थेंब आत पडत होतं आणि ते आम्ही सगळ्यांनी खाल्लं होतं, मुलीनेसुद्धा. झाकण काचेचं आहे, आरपार काही झिरपत नाही, हे मला समजतं. पण किळस असा हिशोब करत नाही. मी खिचडी उकिरड्यावर ओतून आले.

तो टॉवेल गुंडाळून बाहेर आला. मी पुडी पुढे करून विचारलं,

"हे काय?"

"अवं, कमीच केला नं मी. दिवसातून दोन-तीन फक्त."

"मुलीची शपथ घेतली होती तुम्ही."

"सोडूनच राह्यलो होतो. पण पाळीवर सगळे खाते. कोणी समोर केला तं नाई कसं म्हणाव?" मग त्याने मला समजावल्यासारखं म्हटलं, "आणि जेवाले तं काही त्रास नाई नं आता मले. तू एवढं मस्त मऊ करतं. काऊन एवढी तापून राह्यली?"

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी त्याची रजा टाकायला लावली आणि चंद्रपूरची बस धरली.

डॉक्टर तेच होते. त्यांनी बोटं घालायला सांगितली. दोन बोटं दातांवरच अडली. मग एक. एक गेलं, पण पेराजवळ रुतलं. डॉक्टरांनी बॅटरीने आत पाहिलं. मग आत एक पांढरा चट्टा आहे, त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल, असं म्हणाले. मग माझ्याकडे वळले.

"एवढं बंद होईपर्यंत थांबलात कशाला? भाकरीचा घास जात नसेल. जेवताना लक्षात नाही आलं?"

त्यांना माझ्यावर ठपका ठेवायचा नव्हता, साधा प्रश्न होता. आमच्या घरात वर्षभर भाकरीचा घास असा झालाच नव्हता. चावावं लागेल, तोंड उघडावं लागेल असं काही मी त्याच्या ताटात येऊच दिलं नव्हतं. त्याचं तोंड दररोज थोडं थोडं मिटत होतं आणि मी चमचा लहान करत होते. मधल्या चमच्याने जमेना तेव्हा चहाचा चमचा दिला होता, तोही हसत हसत. तेव्हा मला स्वतःचीच जी किळस आली, तशी त्या बाटलीचीही आली नव्हती.

तुकडा काढला, तिथे एक टाका घातला. निकाल यायला आठ दिवस लागणार होते. डॉक्टरांनी लाकडी पट्ट्या दिल्या, दातांमध्ये एकेक सरकवत तोंड उघडायचं. आणि घरच्या कुणीतरी रोज बोटाने मोजायचं, कारण तो स्वतः खोटं सांगेल. हे त्यांनी त्याच्यासमोरच सांगितलं.

त्या संध्याकाळी मी हंडी लावली नाही. ज्वारीच्या भाकरी टाकल्या, झुणका केला, कांदा फोडला. मुलगी खूश होऊन जेवायला बसली. त्याने भाकरीचा तुकडा मोडला, आणखी मोडला, नखाएवढा केला आणि अंगठ्याने दातांच्या फटीतून आत ढकलला. तो तिथेच अडकला. त्याने तो बाहेर काढला आणि ताटाच्या कडेखाली सरकवला. मुलीचं चावणं थांबलं. ती त्या ताटाकडे पाहत राहिली. मी उठले, त्याची भाकरी दुधात कुस्करली आणि चमचा दिला.

सकाळी मी अंगण झाडत होते. तो मागून आला. तोंड धुऊन आला होता, गाल ओले होते.

"आयक नं," तो म्हणाला. "मले भेव लागून राह्यला. मोजून पाय बरं तू."

मी झाडू टेकवला, नळावर हात धुतले, साबणाने, कोपरापर्यंत. त्याने तोंड उघडलं, त्याच्याने उघडेल तेवढं. आतून तोच वास आला. तपकिरी दात, पांढरे पडलेले ताठ गाल, टाक्याचा काळा दोरा. मी तर्जनी आत घातली. वरचा दात नखावर आणि खालचा पेरावर रुतला. त्याच्या डोळ्यांतून पाणी ओघळून माझ्या मनगटावर पडत होतं.

"उघडा," मी म्हटलं. "अजून थोडं उघडा."

बोट मी काढलं नाही.