बाणाचा दगड

तीन रविवार मी घसा फोडून सांगत होते, "चांगोनं त्या दगडाला हात लावलेला नाय!" एकानं विश्वास ठेवला असेल तर शपथ! मी चौथी शिकलेली, भाकऱ्या थापणारी बाई. गडावर येणारे सगळे इंजिनियर नाहीतर बँकेतले. माझं कोण ऐकतंय?

ते सांगतेच, पण आधी थोडं मागचं ऐका. पनवेलची एसटी जिथून वळून परत जाते, तिथे गडाच्या पायथ्याला आमचं हॉटेल. हॉटेल म्हणजे कुडाच्या भिंती, वर पत्रे आणि चार बाकडी. चहा, कांदेपोहे, पिठलं आणि तांदळाची भाकरी. ऐंशी साल मागे पडून नव्वद जवळ आलं, तशी मुंबईची माणसं पाठीला सॅक लावून डोंगर चढायला यायला लागली. तेव्हापासून किस्से चुलीच्या काजळीसारखे साठलेत. एकाला हात लावावा तर दहा हाताला लागतात!

त्यातले निम्मे चांगोचे. चांगो वरच्या ठाकरवाडीतला. नावावर जमिनीचा तुकडा नाही. दसरा झाला की भट्टीचा मुकादम यायचा आणि चांगो बायकोपोरांसकट वीटभट्टीवर जायचा, तो पाऊस तोंडावर आला की परत. मग रविवारी लोकांना गड दाखवायचं काम मिळालं आणि दोन वर्षं त्याच्या दाराला कडी लागली नाही. पोरगी शाळेत बसायला लागली. एवढं लक्षात ठेवा.

*

एकदा एक साहेब नवेकोरे बूट घालून आले. बुटांचं कौतुक चहा संपला तरी संपेना. तळ कसला, शिवण कसली, ग्रिप कसली! चांगो आपला अनवाणी, मान डोलावतोय.

दुपारी साहेब खाली उतरले ते एका बुटाचा तळ हातात घेऊन. दुसरा बूट चांगोनं रानवेलीनं करकचून बांधलेला!

साहेब माणूस दिलदार, स्वतःवरच हसले. म्हणाले, "चांगो, तुझे पाय कुठल्या कंपनीचे रे?"

चांगो म्हणाला, "आयशीच्या!"

*

दुसरे एक गृहस्थ पनवेलचेच. चांगले भरलेले. उतरताना पाय मुरगळला आणि बसले. चांगोनं त्यांना पाठीवर घेतलं आणि निघाला. दीड तासाची उतरण, खाली निसरडी माती!

गृहस्थ पाठीवर बसून सूचना देतायत. "डावीकडून घे. अरे, तो दगड हलतोय. जरा सावकाश! आता उजवीकडे."

चांगो थांबला. मान न वळवता म्हणाला, "सायेब, चालताव तुमी का मी?"



*

चांगोच्या अंगात जोर होता, तसा माझ्या जिभेत. तळोज्याच्या कारखान्यातली चार पोरं एकदा सुट्टीची आली. पिशवीत बाटल्या खणखणतायत. मी म्हटलं, "वर न्यायच्या तर पाणी भरून न्या."

एक म्हणतो, "मावशी, तुम्ही चहा बघा ना!"

मी चहा उतरवून ठेवला, सगळ्या बाटल्या उचलल्या आणि मागच्या फणसाच्या बुंध्यात ओतल्या. पोरांनी पाणी भरून घेतलं, गड चढली, येताना चार चार भाकऱ्या खाल्ल्या आणि पाया पडून गेली. गुणी होती बिचारी.

फणस मात्र त्या वर्षी वाकडेतिकडे लागले!

*

आता दामले सर. मुंबईला शाळेत मास्तर, डोंगरवाल्या ग्रुपचे लीडर. खाकी हाफपँट, गळ्यात शिट्टी, शिस्त अशी की आमची कोंबडीसुद्धा रांगेत चालायची! पण माणूस खरा. घरातून ओरडा खाऊन आलेल्या मुलींना त्यांनी कडा चढायला शिकवलं आणि एकालाही कधी मागे सोडलं नाही. उतरताना स्वतः सगळ्यांत शेवटी.

एकदा वर धुकं दाटलं. सरांनी होकायंत्र काढलं. बराच वेळ बघून बोट दाखवलं, "उत्तर तिकडे आहे."

चांगो म्हणाला, "आसल सर, उत्तर तिकडंच आसल. पण खाली जायची वाट इकडं हाय."

सर त्याच्या मागून निमूट आले, आणि हा किस्सा आम्हाला सांगितला तोही त्यांनीच!

*

आणि याच सरांनी चांगोचं नाव फळ्यावर लिहिलं.

झालं असं. अर्ध्या वाटेवर दोन वाटा फुटतात. उजवी गडावर जाते, डावी घळीत उतरते. तिथे पाटाएवढ्या सपाट दगडावर ग्रुपनं पांढरा बाण रंगवलेला. सरांचा ग्रुप पहिल्या एसटीनं येऊन वर जायचा, बाकीचे मागून. तीन रविवार मागचे लोक घळीत शिरले, काट्यांनी ओरबाडून आले. बघावं तर बाण घळीकडे फिरलेला!

"दुसरं कोण करणार?" सर म्हणाले. "लोक चुकले की यालाच बोलावतात." आमच्या हॉटेलात भाव लिहायचा फळा होता. त्यावर त्यांनी लिहिलं, 'सूचना. याच्यासोबत जाऊ नये. बाणाचा दगड फिरवणारा इसम : चांगो.'

चांगोची बायको बारकी माझ्याकडे येऊन म्हणाली, "वैनी, मुकादम येऊन गेला. रविवारपातूर सांगते म्हटलंय."

मी पनवेलहून पांढरा ऑइलपेंट आणवला. चांगोला म्हटलं, "रविवारी उजाडताना जा, बाण ताजा रंगव. दगड फिरवील त्याचे हात पांढरे! जेवायला सगळे इथंच येतात, हातावर पाणी मीच घालते."

रविवारी दुपारी सरांचा ग्रुप उतरला. सर शेवटी, सॅक पार मांड्यांपर्यंत लोंबलेली. आले ते बाकावर बसले. मी तांब्या घेऊन उभी. एकेकाचे हात उलटेपालटे करून पाहिले. सगळे स्वच्छ! सरांचे तर साबण लावल्यासारखे!

तेवढ्यात मागचा ग्रुप ओरबाडलेला, ओरडत आला. बाण आजही घळीकडे!

सरांनी विचारलं, "आज सकाळी आमच्याआधी वर कोण गेलं होतं?"

चांगोनं हात पुढे केले. मनगटापर्यंत पांढरे!

"रंग मीच दिला त्याला!" मी ओरडले. माणसं माझ्याकडे बघून हसली. वाचवायला गेले आणि माझ्याच हातानं त्याला बुडवलं. बारकी दारात उभी होती. "जाते वैनी, मुकादमाला हो सांगते," म्हणाली आणि वळली.

सर उठले, फळ्यासमोर गेले आणि खडू घेऊन चांगोच्या नावाखाली जाडजूड रेघ मारायला लागले. आमच्याकडे पाठ.

सगळं हॉटेल डोळे फाडून बघायला लागलं!

खाकी हाफपँटीवर, बरोबर बसायच्या जागी, पांढराशुभ्र बाण!

ग्रुपमधली एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, तुम्ही दर वेळी बसायला तोच दगड कडेला धरून सावलीत ओढता ना हो?"

सरांनी मागे हात लावला, बोटं पाहिली. कानापर्यंत लाल!

चांगो म्हणाला, "सर, हलू नका. आता बाण गडाकडं हाय!"

हसून हसून बाकडं मोडायची वेळ आली. मी आधी बारकीला हाक मारून परत बोलावलं. सर माझ्याजवळ आले, खडू माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मावशी, तुम्हीच लिहा."

चौथी शिकले, पण अक्षर माझं गोल आहे. मी बाकी काही पुसलं नाही, एकच नाव पुसलं आणि त्या जागी लिहिलं : दामले सर.