वादीचा वकील मी, प्रतिवादीही मीच

सोमवार, सकाळचे अकरा. तालुक्याच्या दिवाणी कोर्टाचा व्हरांडा. मी कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आलो होतो आणि डोक्यात असं भाषण तयार होतं की ते ऐकून न्यायाधीशांनी उभं राहून टाळ्या वाजवायच्या तेवढ्या बाकी होत्या.

हसू नका. पुढं जी फजिती झाली ती आठवली की आजही माझे कान गरम होतात. चहा घ्या, सांगतो.

मी आधी वकील होतो, मग पत्रकार झालो. लोक विचारतात, कामून सोडली वकिली? मी सांगतो, सत्यासाठी! खरं कारण असं की अशील येत नव्हते. बिदर जिल्ह्याच्या आमच्या या कोपऱ्यात एक मराठी साप्ताहिक निघतं. त्यात राजकारणावर सदर लिहू लागलो आणि पुढं संपादकाच्या खुर्चीत बसलो. मतं माझी जुनी आणि कडक. शिस्त पाहिजे, वडीलधाऱ्यांचा मान पाहिजे, दिलेला शब्द पाळला पाहिजे. पुरोगामी मंडळी मला शिव्या देतात. पण अंक विकत घेऊन देतात, हे महत्त्वाचं.

एक विषय मी दातात धरला होता. आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या बायांसाठी सिमेंटचे ओटे मंजूर झाले. बिल निघालं, फीत कापली गेली, फोटोही छापून आला. ओटे मात्र कुठंच नाहीत! ठेकेदार आमचे गुंडूअण्णा. आता अण्णा पुढारीही आहेत. मी दर अंकात विचारायचो, ओटे कुठं आहेत? 

आणि एक दिवस समन्स आलं. अब्रुनुकसानीचा दावा. वादी गुंडूअण्णा, प्रतिवादी संपादक. मी तर नाचायचाच बाकी राहिलो. बायको म्हणाली, "कोर्टाचं बोलावणं आलंय का लग्नाचं?"

"अगं, झोंबलं त्यांना! घाबरले!"

त्याच जोशात अग्रलेख ठोकला. 'ज्या कुणा अर्धवट वकिलानं हा दावा लिहिला, त्यानं सोमवारी कोर्टात यावं. लाज कशाला म्हणतात ते दाखवतो.'

समन्ससोबत आलेला दाव्याचा गठ्ठा? तो वाचतंय कोण! मैलूरला माझा वकील मित्र दिगंबर राहतो, त्याच्याकडं तसाच पाठवून दिला. पुढारी अभ्यास न करता बोलतात म्हणून मी त्यांना झोडतो, ती गोष्ट वेगळी.

तर व्हरांड्यात दिगंबर डोकं धरून बसला होता.

"काय झालं रे?"

"अरं, ह्या दाव्यात सुई शिरायला जागा न्हाई. कुणी लिवलाय?"

"असेल कुणी दीडशहाणा."

"दीडशहाणा न्हाई, लई हुशार माणूस हाय. सही वाचायला येईना, कोंबडी नाचल्यावानी केलीय. पण असला माणूस आपल्याकडून पायजे होता बघ."

बघा! फी माझी, आणि कौतुक शत्रूच्या वकिलाचं करायलाय!

पुकारा झाला. आमच्याकडं कोर्ट कन्नडमध्ये चालतं, व्हरांडा मराठीत आणि चहाची टपरी दखनी उर्दूत. तुमच्यासाठी सगळं मराठीत सांगतो.

न्यायाधीश बाई होत्या. म्हणाल्या, "वादीतर्फे वकील कोण?"

कारकुनानं फाईल उघडून वकीलपत्रावरचं नाव वाचलं. माझं! मला वाटलं, प्रतिवादी म्हणून पुकारलं. ताठ उभा राहिलो. "हजर!"

"प्रतिवादी, संपादक?"

दिगंबरनं दिलेल्या कागदावरून कारकुनानं पुन्हा माझंच नाव वाचलं. मी आधीच उभा. आणखी किती उभं राहायचं माणसानं?

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "एन्री, अहो, तुम्ही नेमके कुणाकडून?"

दिगंबरनं आधी सहीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "अरं देवा! ही कोंबडी तुझी हाय व्हय?"

मागच्या बाकावरून गुंडूअण्णा उठले. "मॅडम, हे माझेच वकील होते. आधीच्या संपादकानं माझ्यावर लिवलं तवा दावा ह्यांनीच घातला. मागनं मीच म्हणलो, जाऊ द्या साहेब, काढून टाका. हे म्हणले, 'काढतो अण्णा.' आन् काढलाच न्हाई! त्याचंच समन्स आता निघालंय."

"काढायचा राहिला," मी म्हणालो.

आणि मला सगळं आठवलं. तेच ओटे! वकील म्हणून दावा लिहिताना ते मला लख्ख दिसत होते. पत्रकार झालो आणि दिसेनासे झाले.

"तुमची सनद?"

"ती परत केली, मॅडम."

"आणि या दाव्यातलं वकीलपत्र?"

"ते... राहिलं."

मागं कुणीतरी फुसकन हसलं. दिगंबरनं मात्र बाजी सावरायला घेतली. "मॅडम, मूळ मजकूर जुन्या संपादकाचा. आताच्या संपादकाचा त्याच्याशी संबंध काय?"

वा! मी मान डोलावली. तेवढ्यात अण्णांनी खिशातून आमचाच एक अंक काढला. अण्णा आमचे जुने वर्गणीदार. चष्मा लावून वाचू लागले, "'जो खुर्चीवर बसतो, त्यानं त्या खुर्चीची जुनी पापंही अंगावर घ्यावीत. आधीच्यानं केलं, माझा काय संबंध, असं म्हणणं ही आजकालची पळपुटी फॅशन आहे.' साहेब, लई भारी लिवलंय. घरात सगळ्यांना वाचून दाखवलो मी."

दिगंबर माझ्या कानात फुसफुसला, "कामून लिहायलास रे असलं?"

"तत्त्व आहे माझं!"

"मग भोग. दावा चालला तर तुझ्याच दाव्यापुढं तू टिकत न्हाईस. तडजोड कर."

बाईंनी अण्णांना विचारलं, काय हवंय? अण्णा म्हणाले, "पैसा नको मॅडम. साहेबांनीच दाव्याला माफीचा मसुदा जोडलाय, तेवढा पहिल्या पानावर छापा म्हणावं."

दिगंबर मोठ्यानं वाचू लागला, "'मी, या पत्राचा संपादक, उथळ बुद्धीचा, ऐकीव गप्पांवर पोट भरणारा, आणि शाळेतच ज्याच्या हातून लेखणी काढून घ्यायला हवी होती असा इसम...'"

अख्खं कोर्ट हसत होतं. बाईंना माझी दया आली असावी. म्हणाल्या, "शब्द फार कडक आहेत. थोडे सौम्य करू या का?"

इथं मी 'हो' म्हणायला नको होतं का? पण नाही! माझ्यातला लेखक खवळला. "नको मॅडम! एक शब्द हलवला तरी मजा जाईल. आहे तसंच राहू द्या!"

"नक्की?"

"काना-मात्रासुद्धा नको!"

तसं लिहून घेतलं गेलं. मग दिगंबरनं मसुद्याची शेवटची ओळ वाचली. "'यापुढे हे पत्र ओट्यांविषयी एक अक्षरही छापणार नाही.'"

मी तोंड उघडलं. अण्णांनी हात जोडले. "साहेब, तुमी असताना मला दुसऱ्या वकिलाची काय गरज?"

माफी छापली. लोक म्हणतात, तुमचं आजवरचं सगळ्यात चांगलं लेखन. अख्ख्या वकिलीत मी जिंकलेला दावाही तेवढाच.

आता साप्ताहिकात लिहायची सोय राहिली नाही, म्हणून इथं सांगतो. बाजार परवाच भरला होता. बाया अजूनही खाली मातीवर पोती टाकून बसतात. ओटे कुठं गेले, ते मला वकील म्हणून अण्णांनी सांगितलं नाही, आणि संपादक म्हणूनही अजून कुणी सांगितलेलं नाही.