श्वास घेण्याची जागा

मुलांनो, रोज सकाळी आठला मी तुमच्या आजोबांची एक रेकॉर्ड लावते. इंग्लंडच्या राजाच्या आतषबाजीसाठी, मोकळ्या मैदानात वाजवायला जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वी रचलेलं संगीत. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून आवाज बेताचाच ठेवायचे.

ट्रम्पेट सुरू झाले की पलीकडच्या परदेशीपुरा वस्तीकडून येणारे एक म्हातारे गृहस्थ फाटकाशी थांबत. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात काठी आणि काठीच्या मुठीवर वरखाली होणारी तीन बोटं.

एकदा मी त्यांना राजाच्या आतषबाजीची गोष्ट सांगितली आणि विचारलं, "आवडतं का हो हे?"

"काकीजी, चाळीस साल लग्नाच्या बारातीत ट्रम्पेट वाजवला. आता फेफडे गेले, डॉक्टरनी फुंकायला मना केलंय." मग हसले. "मी धुन नाही ऐकत. वाजवणारे साँस कुठे घेतात, ते ऐकतो. राजासमोर असो की नवरदेवाच्या घोडीसमोर, साँस तर घ्यावीच लागते ना!"

घरात येऊन मी सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली. इतकी वर्षं ती रेकॉर्ड मी नीट पुसून ठेवत होते, पण सुरांमधले ते छोटे श्वास त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.

तीन आठवडे झाले, ते आलेले नाहीत. नाव-पत्ता मी कधी विचारलाच नाही. म्हणून हल्ली आठ वाजता परदेशीपुऱ्याच्या बाजूची खिडकी उघडते आणि आवाज पूर्ण वाढवते.