गार पेटीची वाट

सलीमभाईचा फोन आला तेव्हा मी मुरुडला माझ्या लॉजच्या गच्चीवरून पाहुण्यांना समुद्र दाखवत होतो, जणू तो माझ्याच वडिलांनी बांधून घेतला होता अशा थाटात. "भाऊ, दोन हॉर्न दिले. नंदूशेठ खुर्चीवरनं उठलाच न्हाय..." एवढंच तो बोलला. सलीमभाई रेवदंड्याहून मुंबईला मासळी नेणारा टेम्पोवाला. त्याचा हॉर्न ऐकून नंदू उठला नाही म्हटल्यावर मला पुढे काही विचारावं लागलं नाही.

नंदू माझा शाळेपासूनचा दोस्त. गावच्या नाटकात मी राजा, तो प्रॉम्प्टर, आणि माझी सगळी वाक्यं त्यालाच पाठ. त्याच्या शोकसभेत बोलायला उभा राहिलो आणि वाक्य अडलं, तेव्हा मी सवयीने बाजूला पाहिलं... असो. मुंबईतल्या औषध कंपनीची नोकरी सोडून त्याने रेवदंड्यात प्रयोगशाळा काढली. कोळंबीच्या तळ्यातलं पाणी तपासून रोग पसरायच्या आत सांगायचं, हे तिचं काम. त्यासाठी लागणारी रसायनं बर्फातूनच आणावी लागत. बाटलीची किंमत बेताचीच, पण तिच्यामागून बिलात एकेक बिनबोलावता पाहुणा शिरायचा. थंड पॅकिंगचे पैसे वेगळे, 'दूरचं गाव' म्हणून आणखी वेगळे. त्यात पार्सल शनिवारी अलिबागला येऊन कुरिअरच्या कुलपात अडकलं, की सोमवारी हाती यायचं कोमट पाणी. ते फेकायचं, नवीन मागवायचं. "बाटली स्वस्तच असते रे," नंदू म्हणायचा, "महाग असते ती वाट."

त्यावर त्याने तोडगा काढला. सलीमभाईचा टेम्पो मासळी उतरवून सकाळी रिकामाच परतायचा, म्हणून केबिनमध्ये नंदूची थर्माकोलची पेटी बसू लागली. भाडं म्हणून सलीमभाई फक्त चहा घ्यायचा, आणि नंदू त्याच्या मोहल्ल्यातल्या विहिरींचं पाणी फुकट तपासून द्यायचा. टेम्पो फाटकाशी थांबला की नंदूचा पहिला प्रश्न ठरलेला, "गार हाय?" पेटीवर तळवा ठेवून सलीमभाई सांगायचा, "गार हाय." रामराम, सलाम नंतर.

एकदा मात्र पेट्यांची अदलाबदल झाली, आणि तीही पुण्याहून पैसे गुंतवणारे साहेब आले त्याच दिवशी. नंदूने ऐटीत झाकण उघडलं, तर आतून पापलेटं डोळे वटारून साहेबांकडे बघतायत! (आमच्या रेवदंड्यात लग्नाला पापलेट मुंबईहून येतं, हे कृपया बाहेर सांगू नका.) तेवढ्यात मासळीवाली ताराबाई दुसरी पेटी डोक्यावर घेऊन दारात हजर. "नंद्या, तुझ्या या पान्याच्या बाटल्या घे आन् माझी पापलेटं दे! घरात हळद हाय, पावन्यांना काय तुझं औषध वाढू?" साहेब पोट धरून हसले. मग म्हणाले, "प्रयोगशाळा पनवेलला हलवा, पैसे आम्ही देतो. वाहतुकीचा खर्चच उरणार नाही." नंदू शांतपणे म्हणाला, "उरेल की. फक्त तळ्यावाल्याच्या खिशावर जाऊन बसेल. बोर्लीचा माणूस पाण्याची बाटली घेऊन एसटीने पनवेल गाठेल का? तो जाणारच नाही, आणि त्याची कोळंबी मरेल."

साहेब गेले, पैसेही गेले. आता प्रयोगशाळा टिकवायची तर एकही पेटी वाया जाऊन चालणार नव्हतं. म्हणून टेम्पोच्या दिवशी नंदू पहाटेच फाटकाशी खुर्ची टाकून बसायचा. छातीत दुखतंय, हे त्याने मला सहज, हसत सांगितलं होतं. मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता अलिबागला चल, डॉक्टरकडे." "पेटी येऊ दे, मग जाऊ." मी पाय आपटले, हातवारे केले, माझी सगळी राजाची भूमिका पणाला लावली. तो म्हणाला, "आवाज बरा लागलाय आज." त्या पेटीनंतर पुढची पेटी होती... दुसऱ्यांना न दिसणारा प्रत्येक खर्च त्याने हुडकून काढला. स्वतःच्या अंगावर घेतलेला तेवढा एक त्याने कधी हिशेबात धरला नाही.

आता प्रयोगशाळा श्वेता बघते, त्याच्याच हाताखाली तयार झालेली. फ्रीजच्या खोलीची चावी तिने सलीमभाईलाच देऊन टाकलीय. कुणाची वाट बघायचं त्याला आता कारण नाही. परवा मी तिथे होतो. टेम्पो आला, दोन हॉर्न वाजले. फाटकाशी ती खुर्ची रस्त्याकडे तोंड करून अजून तशीच आहे. सलीमभाईने पेटी आणून तिच्यावर ठेवली, वर तळवा टेकवला आणि थोडा थांबला. कुणी काही विचारलं नव्हतं.

"गार हाय," तो म्हणाला, आणि पेटी उचलून आत गेला.