मामांचा लाल रंग

आमच्या आर्वीच्या मामांइतका काळजी करणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात झाला नसेल. झाला असलाच तर तो काळजीनेच लवकर गेला असेल. मामा दवाखान्यात कंपाउंडर. विषारी औषधांच्या कपाटाला कुलूप लावून ते घरी येत, जेवायला बसत आणि पहिला घास हातात धरून मामींना विचारत, "म्या कुलूप लावलं नं?" मामींनी ते कपाट कधी पाहिलंही नव्हतं, तरी त्या "लावलं" म्हणत, तेव्हा कुठे घास तोंडात जाई. पुलगावला जाणाऱ्या छोट्या गाडीत ते कायम मधल्या डब्यात बसत. टक्कर समोरून झाली तर पुढचा डबा जातो, मागून झाली तर मागचा. ती गाडी इतकी हळू चाले की माणसं उतरून बोरं वेचून पुन्हा चढत.

एकोणीसशे पन्नासच्या दशकात मी तिथल्या मुलींच्या शाळेत शिकवायला होते आणि मामांकडेच राहत होते. एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी त्यांना जुनं पुस्तक दिलं होतं. त्यात लिहिलं होतं की एका लाल रंगात सूक्ष्म जीव अंधारात मजेत राहतात, पण उजेड पडला की मरतात. आणि फार पूर्वी जर्मनीत काही डॉक्टरांनी तो रंग कातडीच्या कर्करोगावर लावून, वर उजेड पाडून पाहिला होता. मामांचा विश्वास बसेना. त्यांनी दवाखान्यातून त्या रंगाची बाटली आणली आणि टाक्यातल्या डासांच्या अळ्या तीन पेल्यांत घातल्या. रंगाचा एक पेला उन्हात, एक कपाटात, आणि साध्या पाण्याचा तिसरा उन्हात, कारण "नुसत्या उन्हानंच मेल्या तं?" संध्याकाळी फक्त पहिल्या पेल्यातल्या मेलेल्या. मामांनी हा प्रयोग चार दिवस केला. मामींनी ते पेले पुन्हा स्वयंपाकघरात येऊ दिले नाहीत.

त्याच उन्हाळ्यात मामींच्या खालच्या ओठावरची जखम भरेना. तिथे हाताला गाठ लागू लागली. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "कर्करोग असू शकतो. उशीर न करता नागपूरला न्या."

मामी कापाकापीच्या नावानेच हादरल्या. "मले नाई जाच नागपूरले. तुमचा लाल रंग लावा नं. उन्हात बसाले मले काय भेव?"

तीन दिवस मामा रंगाची बाटली फळीवरून काढत, उजेडात धरत आणि परत ठेवत. त्यांचा डबा दवाखान्यातून भरलेलाच परत येई. मलाही शाळेत फळ्यावर लिहिताना मामींचा ओठच दिसे.

चौथ्या दिवशी दुपारी मी घरी आले तर मामा अंगणात रणरणत्या उन्हात, स्टुलावर, उघड्या डोक्याने बसलेले. हातावर दोन जागी ओरखडे काढलेले. एकावर लाल रंग, दुसरा कोरा.

"मामा, काय करून राह्यले तुम्ही?"

"चूप. वेळ मोजून राह्यलो."

दुसऱ्या दिवशी रंगाची जागा सुजून फोडांनी भरली. कोऱ्या ओरखड्यावर नुसती खपली. मामींचे डोळे चमकले. "पाहा, काम करते!"

"करते, त्याचंच तं भेव हाय," मामा म्हणाले. "हे माझं चांगलं कातडं होतं. याले चांगलं कोणतं, वाईट कोणतं, समजत नाई. तुही गाठ किती खोल हाय, तिथं ऊन पोचते का, हे मले समजत नाई. दोन बिनसमजाचे मिळून तुह्या तोंडाले हात लावणार नाई."

"अन् तिथं मी मेली तं?"

मामा नागपूरला जायची वळकटी बांधू लागले.

त्या दिवशी गाडीत मामा समोर आलेल्या पहिल्याच डब्यात चढले आणि चारचौघांत मामींचा हात धरून बसले. ऑपरेशनच्या दिवशी त्यांच्या हातावरची पट्टी आणि पांढराफटक चेहरा पाहून नर्सने त्यांनाच खाटेवर निजवायला घेतलं होतं.

मामी वाचल्या. पुढे पुष्कळ वर्षं जगल्या. आता दोघंही नाहीत. रंग आणि उजेड वापरून काही कर्करोगांवर उपचार होऊ लागल्याचं परवा वाचलं, तेव्हा सांगायला मामा हवे होते असं फार वाटलं. त्यांनी आनंदाआधी दहा शंका काढल्या असत्या.

नागपूरहून आल्यावर मामींचा ओठ वाकडा राहिला. भाजीचा रस ओघळे, म्हणून त्या भिंतीकडे तोंड करून जेवू लागल्या. एके दिवशी मामांनी आपलं ताट उचललं आणि भिंत व मामी यांच्यामधल्या हातभर जागेत अंग चोरून बसले.

"इकडं काऊन आले?" मामींनी पदर तोंडाशी धरत विचारलं.

"तिकडून तू दिसत नाई," मामा म्हणाले आणि जेवू लागले.