दारातला ‘बास’

हंसराज म्हणजे ओल्या भिंतीवर उगवणारं, काळ्या दांड्याचं रोप; पानं अशी नाजूक की फुंकरीनं थरथरावीत. त्याचा काढा करायचा, साखर घालून एकतारी पाक आणायचा, कोमट झाला की संत्र्याच्या फुलांचा अर्क सोडायचा. जुन्या काळी लोक हा पाक गरम दुधात, चहात घालून पीत. आता तो विकणारा पेयवाला एकच, आणि करणारी बाईही एकच. तिला सगळे पाकवाली म्हणतात.

अर्क किती घालायचा? सासूनं माप असं दिलंच नव्हतं. एकानं चुलीपाशी ओतायचं, दुसऱ्यानं दारात उभं राहायचं. वास पोचला की ‘बास’ म्हणायचं. चाळीस वर्षं नवरा दारात उभा राहिला. एरवी त्याच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे वाळूतून तेल काढणं. पण हा एक शब्द वेळेवर यायचा.

तो गेल्यावर पाकवाली ओतायची आणि स्वतःच दाराकडे पळायची. वास तिच्या कपड्यांना धरून आधीच हजर!

“काकू,” पेयवाला बाटली परत ठेवत म्हणाला, “मागच्या खेपेला साखरपाणी, या खेपेला अत्तराचं दुकान. पुन्हा बिघडलं तर कारखान्याचा घेईन. राग मानू नका.”

दुसरं काही तिला येत नव्हतं. नाक मुठीत धरून तिनं शेजारच्या शिंपिणीला हाक मारली. कपडे वाळत घालायच्या दोरीवरून दोघींचा सहा वर्षं अबोला.

“दारात उभी राहा. वास आला की बास म्हण.”

“एवढ्यासाठी तोंड उघडलंस होय? मला वाटलं, दोरी सोडतेस.”

“नाक धड आहे ना?”

“लोकांच्या भानगडी मला गल्लीच्या टोकावरून कळतात. ओत तू.”

हिचा भरवसा काय, म्हणून पाकवालीनं चमच्यानं ओतलं, मोजत. सातव्याला आवाज आला, “बास गं!”

पेयवाल्यानं चाखलं. “हेच ते!” काम टिकलं.

पुढच्या महिन्यात शिंपीण आपणहून आली, बोटात शिवणाचं अंगुस्तान तसंच. “उभी राहू?”

“कशाला? सात चमचे. मोजलेत मी.”

“मोजलेस होय?” शिंपिणीनं अंगुस्तान बोटावर घट्ट बसवलं. “बरं झालं. माझंही शिवण पडलंय.”

ती गेली. पाकवालीनं सात चमचे घातले. पाक सोळा आणे उतरला. भरलेल्या बाटल्यांचा खोका तिनं दारातच ठेवला. जागा मोकळीच होती.