दसऱ्यापर्यंतचा विमा

गोकुळदास गावस यांनी गाडी विकायला काढली, तेव्हा कारापुरात कोणाचा विश्वास बसला नाही. नऊ वर्षांत त्या निळ्या गाडीच्या स्टिअरिंगला दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता. मुलगी सेजल हिच्याकडे चार वर्षांपासून लायसन्स होते. तिलाही गाडी कधी मिळाली नाही. "तुझं लायसन्स चांगलं आहे," ते तिला म्हणत, "सांभाळून ठेव."

कोणी कारण विचारले की ते डाव्या डोळ्यावर बोट ठेवत. भाद्रपदातल्या एका संध्याकाळी साखळीच्या बाजारातून परतताना त्यांनी एका म्हशीसाठी करकचून ब्रेक मारला. म्हैस तिथे नव्हती. शेजारी बसलेल्या बायकोने, विमलाबाईंनी, रिकाम्या रस्त्याकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पणजीत राहणाऱ्या सेजलला फोन केला.

"गाडीचे फोटो आहेत ना तुझ्याकडे? जाहिरात घाल."

मग गिऱ्हाइके येऊ लागली, आणि गोकुळदास त्यांची परीक्षा घेऊ लागले.

गाडी चालवून बघायला आलेल्या माणसाने आधी सोप्यावर बसायचे. लायसन्स दाखवायचे. मोबाइलमधला फोटो चालत नसे. मग गोकुळदास गाडीच्या कप्प्यातून विम्याचा कागद काढत, दुसरे पान उघडत आणि चालकाबद्दलचा परिच्छेद मोठ्याने वाचत. वाचून झाले की चष्मा काढून समजावत.

"गाडी माझी. विमा माझ्या नावाचा. चालवणार तू. तू कोणाला धडक दिलीस, तर लोक माझ्या दारात येणार. आणि तुझं लायसन्स बरोबर नसलं, तर कंपनी हात वर करणार. कळलं?"

यानंतर ते डाव्या बाजूला बसत आणि गाडी सुटे. देवळाजवळची अरुंद गल्ली, बाजारातली गर्दी, शाळेचा रस्ता आणि शेवटी चढावर थांबवून पुन्हा काढणे. पहिल्या गिऱ्हाइकाने बाजारात फोन कानाला लावला. त्याला बस स्टँडसमोर उतरवण्यात आले. दुसऱ्याचे लायसन्स स्कूटरपुरते निघाले. तिसऱ्याने शाळेसमोर हॉर्न वाजवला, वेग मात्र कमी केला नाही. त्याला गोकुळदासांनी घरी आणून चहा दिला आणि नकार दिला.

"तुमी गाडी विकतास की जावय सोदतास?" विमलाबाईंनी विचारले.

"जावई चुकला तर सेजल त्याला सरळ करील. गाडीला कोण आहे?"

हा माणूस असा आजचा नव्हता. खाणीच्या वजनकाट्यावर त्यांनी बावीस वर्षे काढली. काट्यावर येणाऱ्या ट्रकचे वजन लिहायचे, एवढेच त्यांचे काम. पण ट्रकचे कागद बघितल्याशिवाय त्यांच्या हातून आकडा उतरत नसे. विमा संपलेला ट्रक भरलेला असला तरी बाजूला लागे. एकदा बाजूला लागलेला ट्रक विमलाबाईंच्या भावाचा, निलेशचा होता. विमा आदल्या रात्री बाराला संपला होता. "भावजी, धक्का चार किलोमीटरवर आहे. एक ट्रीप," निलेश हात जोडून म्हणाला होता. खनिज बार्जमध्ये ओतायला नदीवरच्या धक्क्यावर तर जायचे होते. गोकुळदासांनी पेन खाली ठेवले. पुढच्या दोन गणेश चतुर्थींना निलेश बहिणीकडे आला नाही. विमलाबाई एकट्याच बसने माहेरी करंज्यांचा, त्यांच्या भाषेत नेवऱ्यांचा, डबा घेऊन गेल्या. मग खाणी बंद पडल्या, काटा गंजला, निलेशने ट्रक भंगारात दिला. ती गोष्ट मात्र घरात राहिली.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी, रविवारी, चौथे गिऱ्हाईक बसने आले. आनंदा आणि त्याची बायको सिंधू. दोघे चंदगडकडचे. आनंदा पेडण्यातल्या तुये गावी कारखान्यात मशीनवर होता. सिंधू भाड्याच्या दोन खोल्यांत स्वयंपाक करून कामगारांना डबे पुरवी. साठ डबे. ते स्कूटरवरून दोन खेपांत न्यावे लागत आणि दुसऱ्या खेपेची आमटी निवे. म्हणून गाडी.

आनंदाने न सांगता लायसन्स काढून सोप्यावर ठेवले. सिंधूने डिकी उघडून आत वीत लावून मापे घेतली. विमलाबाई दारातून नवऱ्याच्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "ह्याका पळवलास तर तुमीच डबे वाटूक जावा."

पळवायची वेळच आली नाही. गल्लीत आनंदाने समोरून येणाऱ्या म्हातारीसाठी गाडी पूर्ण थांबवली. शाळेला सुट्टी होती, तरी तिथे वेग कमी केला. चढावर गाडी तसूभरही मागे आली नाही. गोकुळदास गप्प झाले. माणूस आवडला की ते गप्प होत.

"काका, आमच्या बोळात ही शिरंल का, तेवढं बघायचं हुतं," आनंदा म्हणाला.

"चल की मग तुयेला."

विमलाबाईंना फोनवर सांगून ते निघाले. डिचोली, अस्नोडा, मग कोलवाळचा पूल. तिथून पेडणे तालुका लागतो. मोपाच्या विमानतळाकडे धावणाऱ्या टॅक्स्या त्यांना मागे टाकत गेल्या. आनंदाने एकीचाही पाठलाग केला नाही. धारगळला सगुण नावाच्या माणसाच्या चहाच्या गाड्यापाशी ते थांबले. गोकुळदासांनी तिघांसाठी चहा आणि उंडे पाव सांगितले. हे त्यांनी आधीच्या कुठल्याही गिऱ्हाइकासाठी केले नव्हते.

सिंधूच्या हातात विम्याचा कागद होता. गाडीतून उतरताना तिने तो मागून घेतला होता.

"काका, ह्यो विमा आमच्या नावावर हुतोय, का नवा काढायचा?"

गोकुळदास खुलले. "गाडी तुमच्या नावावर झाली की चौदा दिवसांत कंपनीला कळवायचं. हाच विमा तुमच्या नावावर होतो. फक्त नऊ वर्षं एकदाही भरपाई मागितली नाही, त्याची जी सूट आहे, ती माझी. ती गाडीबरोबर जात नाही."

"आनि कवापत्तुर हाय ह्यो?"

"दसऱ्यापर्यंत. परवा नवा काढणार. काढूनच गाडी देतो तुम्हाला."

सिंधूने कागद उलटसुलट केला. साठ डब्यांचे खाडे आणि सुट्ट्या ती महिन्याच्या महिन्याला लिहून ठेवी. तारखा तिच्या नजरेतून सुटत नसत.

"पयल्या पानावर दोन आक्टोबर लिवलंय," ती म्हणाली. "दोन आक्टोबरला दसरा हुता व्हय?"

आनंदा हसला. गोकुळदास हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, कागद उजव्या डोळ्यापाशी नेला. दोन ऑक्टोबर. आज बावीस.

गाडी घेतली ती दसऱ्याला. तेव्हापासून दर दसऱ्याला गाडीची पूजा होई, झेंडूचे तोरण चढे आणि विमा एजंट जयराम नवा कागद घेऊन जेवायला येई. तो कागद आरतीच्या ताटाखाली जाई, तिथून कप्प्यात. दसऱ्याला येणारा कागद दसऱ्याला संपतो, असे गोकुळदास धरून चालले होते. जयराम मात्र इंग्रजी तारखेवर चाले. तो आधीच सगळे करून ठेवी आणि जेवायला तेवढा दसऱ्याला येई. गेल्या वैशाखात जयराम एजन्सी सोडून मुलाकडे बेळगावला गेला. कंपनीकडे फोन नंबर होता तोही जयरामचाच, त्यामुळे मुदतीची आठवणही इकडे आली नाही. त्यात यंदा अधिक श्रावण आला आणि दसरा तीन आठवडे पुढे सरकला. आणि ज्याने बावीस वर्षे दुसऱ्यांच्या कागदांचे पहिले पान वाचले, तो आपल्या कागदाचे दुसरेच पान वाचत राहिला.

त्यांनी कप खाली ठेवला आणि आनंदापुढे हात केला.

"किल्ली दे."

"काका, तुये हितनं जवळच हाय. आमच्या दारात लावू की. आयतवारचं कोन बगतंय?"

"निलेशचा धक्का चार किलोमीटरवर होता," गोकुळदास म्हणाले.

निलेश कोण, धक्का कसला, आनंदाला काही कळले नाही. पण त्याने किल्ली दिली.

गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती. ती सगुणच्या फणसाखाली घ्यायला हवी होती, जेमतेम वीस पावले. गोकुळदास इंजिन चालू करायला तयार होईनात. सगुण पंच्याला हात पुसत आला.

"कितें जालें? पेट्रोल सोंपलें?"

"विमा संपला."

"विमो सोंपल्यार गाडी चलना?" विमा संपल्यावर गाडी बंद पडते, हे सगुणने पहिल्यांदाच ऐकले होते. त्याने बॉनेटकडे अशा नजरेने पाहिले, जणू विमा तिथेच कुठेतरी बसवलेला असतो.

शेवटी आनंदा आणि सगुण मागून ढकलू लागले. गोकुळदास खिडकीतून हात घालून स्टिअरिंग धरत बाजूने चालले. सिंधू पुढे होऊन येणाऱ्याजाणाऱ्या स्कूटरांना हात दाखवत राहिली. विमानतळाकडे निघालेल्या एका टॅक्सीवाल्याने काच खाली करून विचारले, "टोचन जाय?" गोकुळदासांनी मान हलवली. टॅक्सीच्या दोरीने ओढून घ्यायलाही ते तयार नव्हते. गाडी फणसाखाली पोहोचली तेव्हा ते घामाने निथळत होते.

मग त्यांनी सेजलला फोन लावला. सेजलने सांगितले, पूर्ण विम्यासाठी कंपनी आता गाडी तपासणार, त्याला वेळ लागेल. पण दुसऱ्या कोणाचे नुकसान झाले तर ते भरून देणारा विमा आत्ता फोनवर निघतो. आज रात्री बारापासून लागू.

"बारापासून म्हणजे बारापासूनच?"

"हो, बाबा."

"त्याआधी नाही?"

"नाही, बाबा."

"बरं. या वेळी नंबर माझा घाल."

फोन खिशात ठेवून ते आनंदासमोर उभे राहिले. काट्यावर ट्रकवाले त्यांच्यासमोर उभे राहत, तसे.

"कारापूरहून इथवर मी तुला विमा नसलेली गाडी चालवायला दिली. तुझं लायसन्स मागितलं, माझा कागद बघितला नाही. कोणी पुढ्यात आलं असतं तर तुझ्याही गळ्याशी आलं असतं. चूक माझी. गाडी नको वाटली तर सांग. मला राग नाही."

आनंदाने सिंधूकडे पाहिले. सिंधू कागदाची घडी करत होती.

"बगू, काका," आनंदा म्हणाला.

तुयेकडची बस आली आणि दोघे गेले. गोकुळदास समोरच्या बाजूला म्हापशाच्या बसची वाट पाहत उभे राहिले. गाडीला चांगला माणूस मिळाला होता आणि त्यांनी तो घालवला होता. या वेळी नकार त्यांनी दिला नव्हता, एवढाच फरक.

"चवथोय गेलो?" दारात विमलाबाईंनी विचारले.

"तो पास झाला. मी नापास झालो." त्यांनी सगळे सांगितले. मग म्हणाले, "निलेशला सांगू नकोस."

विमलाबाई पदर तोंडाला लावून हसू लागल्या. हसता हसता खाली बसल्या. "सांगतलंय तर! धा वर्सां ह्या दिसाची वाट बघतंय."

सकाळच्या पहिल्या बसने ते निघाले. रात्री झोप अशी लागलीच नव्हती. साखळी, म्हापसा, धारगळ. बसमधून उतरताना त्यांनी फणसाकडे पाहिले आणि त्यांचा पाय पायरीवर तसाच राहिला.

गाडीपाशी आनंदा आणि सिंधू उभे होते. बाजूला स्कूटर. स्कूटरपाशी दोन खेपांत आणून ठेवलेले प्लास्टिकचे तीन क्रेट, त्यांत साठ रिकामे डबे.

"दुसरी पाळी हाय माजी," आनंदा म्हणाला. "आनि आज डब्याला सुट्टी दिलीया हिनं. मटलं, भरून बगू."

गोकुळदासांनी क्रेट मोजले. "कालचं धरायचं नाही. पहिल्यापासून. लायसन्स दाखव."

"काल बगितलासा की!"

"काल विमा नव्हता. म्हणजे काल काही झालंच नाही."

आनंदाने पाकिटाला हात घातला. सिंधूने त्याचा हात धरला.

"थांबा. आदी काकांचा कागद."

गोकुळदासांनी मोबाइल पुढे केला. सिंधूने पहिले पान उघडले आणि मोठ्याने वाचले. नाव, गाडीचा नंबर, कधीपासून, कधीपर्यंत. गोकुळदास हात पाठीमागे बांधून ऐकत होते. तिने तारीख दोनदा वाचली. सगुणने गाड्यावरून ओरडून विचारले, "आतां चलतली?" मग सिंधू आनंदाला म्हणाली, "बरोबर हाय. दावा आता तुमचं लायसन."

तिन्ही क्रेट डिकीत बसले. एक बोटभर जागाही उरली. वळणावर डबे खणखणू लागले, तेव्हा सिंधूने मागे वळून फटींत पोत्याचे तुकडे खुपसले. परीक्षा पहिल्यापासून घ्यायची म्हणून गाडी कारापूरच्या दिशेने निघाली.

कोलवाळच्या पुलापर्यंत गोकुळदास सूचना देत होते. "त्या डंपरच्या मागे राहा. घाई नाही." अस्नोड्याला त्यांनी एक स्पीड ब्रेकर आधीच सांगितला. आनंदाने तो त्याआधीच पाहिला होता. त्यानंतर सूचना आल्या नाहीत. आनंदाला वाटले, काका रागावले. त्याने चोरून डावीकडे पाहिले.

गोकुळदास झोपले होते. मान खिडकीकडे कलली होती, तोंड थोडे उघडे.

"आवो, हळू," सिंधू मागून कुजबुजली.

आनंदाने गिअर असा बदलला की आवाज झाला नाही. डिचोलीच्या बाजारात त्याने एकदाही हॉर्न दिला नाही. एका रिक्षामागे तो बराच वेळ मुकाट्याने चालत राहिला. गल्ली, शाळा, चढ, सगळे पार पडले. परीक्षक काही बघायला जागा नव्हता.

गाडी दारात थांबली. विमलाबाई ओल्या हातांनी बाहेर आल्या.

"ठरलां?"

"काका काय बोललंच न्हाईत," आनंदा हळू आवाजात म्हणाला.

विमलाबाईंनी खिडकीतून आत पाहिले. नऊ वर्षे त्या या गाडीत बसल्या होत्या, आणि त्याआधी कितीतरी वर्षे बसमध्ये, दुसऱ्यांच्या जीपमध्ये नवऱ्याशेजारी. दुसरा माणूस गाडी चालवत असताना हा माणूस झोपलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"ठरलां," त्या म्हणाल्या. "तुमी दोघां येवा आत. हे उठतीत मागीर."